लालला लाल, पिवळ्याला पिवळा

"यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर त्या माणसाला माझ्याकडे पाठवा, मला त्याला एक बंद पडलेलं घड्याळ विकायचंय."

बंडलमामाची प्रत्येक गोष्ट अशी सुरू व्हायची. चाळीस वर्षं त्यानं घड्याळं दुरुस्त केली आणि चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना थापा मारल्या. लोक म्हणत, त्याची घड्याळं एखादवेळी बंद पडतील, तोंड नाही. बाहेर पाऊस पडतोय असं त्यानं सांगितलं, तरी माणसं खिडकीतून हात काढून बघत, आणि हात भिजला तरी थोडा वेळ विचार करत.

त्या दिवशी सकाळी मात्र त्याला एक गोष्ट सांगायची होती आणि तिच्यातला एक तुकडा तरी खरा मानला जावा, अशी त्याची आयुष्यात पहिल्यांदा इच्छा होती. कारण तो तुकडा कुणी खरा मानला नाही, तर त्याची भाची दुपारपर्यंत त्याच ट्रॅक्टरखाली, त्याच उतारावर जायची, जिथे दहा महिन्यांपूर्वी तिचा बाप गेला होता.

ट्रॅक्टरचं नाव ठेंगू. नांगरटीचे जे धिप्पाड ट्रॅक्टर असतात, त्यांच्या पोटाखालून हा वाकून गेला असता. सीटवर चढायला एक पाऊल पुरायचं. पण कामाला वाघ. मागे गवत कापायचं यंत्र लावा, रोटाव्हेटर लावा, खांबांचे खड्डे पाडायचा बरमा लावा, पुढे लोडर लावून बकेटनं माती उचला. कशालाही नाही म्हणायचा नाही. मामाच्या मेहुण्यानं, म्हणजे दाजींनी, नोकरीतून सुटल्यावर तो घेतला. उतारावरचं घर, चाळीस फळझाडं, दरवर्षी दगड गाळणारी एक लांबलचक गडग्याची भिंत आणि फाटकापर्यंतची खडीची वाट, एवढा सगळा संसार त्या दोघांनी सांभाळला. दाजींनी आणि ठेंगूनं.

दाजी म्हणजे सरळ माणूस, पण त्यांच्या ट्रॅक्टरचं लिव्हर उलटं होतं. त्याचं असं झालं. एका कारखान्यात सव्वीस वर्षं त्यांनी मालाची लिफ्ट चालवली. त्या लिफ्टचा दांडा पुढे ढकलला की पिंजरा वर जायचा, मागे ओढला की खाली यायचा. जगातल्या लोडरचं नेमकं याच्या उलट: ओढलं की बकेट वर, ढकललं की खाली. पहिल्याच दिवशी दाजींनी बकेट खाली घ्यायला म्हणून लिव्हर ओढलं आणि ओली माती घराच्या पत्र्यावर नेऊन टाकली. त्यांची बायको, म्हणजे मामाची ताई, खिडकीतून ओरडली, "अहो, तिथे काय पेरताय?"

दाजींनी ट्रॅक्टर बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "हाताला शिकवायचं वय गेलं. आता मशीनला शिकवू."

लोडरच्या तेलाचे पाइप ट्रॅक्टरला जिथे जोडतात, तिथे रंगीत टोप्या असतात. लाल पाइप लाल तोंडात, पिवळा पिवळ्यात. दाजींनी लाल नेऊन पिवळ्यात बसवला आणि पिवळा लालमध्ये. झालं, लिफ्ट घरी आली. ढकल की वर, ओढ की खाली. तेव्हापासून घरात म्हणच पडली, "आमच्याकडे पुढे म्हणजे वर." भाचीसुद्धा त्याच लिव्हरवर शिकली, वयाच्या चौदाव्या वर्षी, बापाच्या मांडीला मांडी लावून. आता ती शहरात बस चालवायची. पण हात लहानपणी जे शिकतो, ते म्हातारपणीही विसरत नाही.

आता ती दहा महिन्यांपूर्वीची सकाळ.

दाजींची कंबर धरली होती. मामा आठवडाभर बहिणीकडे राहायला आला होता. त्यानं विचार केला, आपण जरा उपयोगी पडू. झाडांखालचं गवत वाढलं होतं आणि पुढे लोडर असला की ठेंगू फांद्यांखाली शिरत नसे, म्हणून मामानं लोडर काढून ठेवला, गवत कापलं आणि लोडर पुन्हा जोडला. घड्याळजीचा हात तो. खिशातून रुमाल काढून त्यानं चारही तोंडं पुसली, कारण तेलात कचऱ्याचा कण गेलेला दाजींना खपत नसे. मग लालला लाल जोडला, पिवळ्याला पिवळा. टक्. टक्. प्रत्येक वस्तू जिथली तिथे. इतक्या सुबकपणे त्यानं आयुष्यात काही जोडलं नव्हतं.

वर आणखी उपकार. भिंतीतून गळलेले दगड त्यानं बकेटमध्ये भरले, बकेट गुडघ्याइतकी उचलून ठेवली आणि ठेंगूला उताराच्या तोंडाशी उभं केलं. म्हणजे दाजींनी नुसतं बसायचं आणि न्यायचं. लिव्हर ओढल्याबरोबर बकेट वर गेली, तेव्हा मामाला बरंच वाटलं होतं, की आज हे शहाण्यासारखं वागतंय. मग त्याला आठवलं. अरे, हे दाजींना सांगायला हवं. किंवा पाइप परत उलटे करायला हवेत. करू.

तेवढ्यात फाटकाशी पोस्टमन आला. मामानं त्याला कोंबडीची गोष्ट सांगायला घेतली, जिनं घड्याळ गिळलं होतं आणि जी त्यानंतर बरोबर सहाच्या ठोक्याला अंडं द्यायची. गोष्ट ऐन रंगात असताना दाजी कमरेवर हात ठेवून आले, ठेंगूवर बसले. मामानं ते पाहिलं. पण अर्धी गोष्ट टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. पोस्टमन हसेपर्यंत थांबू, असं त्याच्या मनानं घेतलं.

पोस्टमन हसला. त्याच वेळी ताईनं घराच्या पायरीवरून हाक मारली, "अहो, चहा झालाय!" आणि त्याच वेळी उतारावर ठेंगूचं एक चाक दगडावर चढलं.

असं झालं की काय करायचं, हे दाजींना झोपेतही माहीत होतं. बकेट ताबडतोब जमिनीला टेकवायची. त्यांनी लिव्हर ओढलं. दगडांनी भरलेली बकेट आभाळाकडे गेली आणि ठेंगू आडवा झाला. ट्रॅक्टर उलटला तर माणूस चिरडू नये म्हणून सीटमागे असते ती लोखंडी कमान उभी असती, तर कदाचित वाचले असते. पण ती फांद्यांत अडकते म्हणून त्यांनीच पाडून ठेवलेली होती.

माणसं धावली, साखळ्या आल्या, ट्रॅक्टर सरळ झाला. लोडरचा हात वर का आहे, हे कुणी पाहिलं नाही. मामानं पाहिलं. पाहिलं आणि पोटात ठेवलं.

ताईनं मात्र सगळं आपल्या अंगावर घेतलं. "मी हाक मारली, ते मागे वळले, आणि तेवढ्यात झालं," असं तिनं आल्यागेल्याला सांगितलं. नंतर सांगायचंही बंद केलं. आणि हाक मारायचीही. ती बाई दहा महिने कुणाला हाक म्हणून मारत नव्हती. शेजारीण फाटकाशी आली, तर ताई ओला हात पदराला पुसत शंभर पावलं चालत जायची आणि मगच बोलायची. दाजी गेल्यापासून मामा तिथेच राहत होता; तो वरच्या खोलीत असला, तर ताई जिना चढून यायची, दम टाकायची आणि हळू म्हणायची, "जेवायला चल." दर वेळी तो जिना मामाच्या छातीवरून वाजायचा.

त्यानं सांगायचा प्रयत्न केला नव्हता असं नाही. पाचसहा वेळा तोंड उघडलं. पण जन्मभर ज्या तोंडातून खोटं सफाईनं वाहिलं, त्याला खऱ्याच्या पहिल्याच शब्दाला ठेच लागायची. "ताई, त्या दिवशी ना..." म्हणायचा आणि पुढे कोंबडी, बोकड, सरकशीतला उंट, काहीतरी यायचंच. ताई ऐकून घ्यायची. पूर्वी हसायची, आता नुसतीच ऐकायची.

आणि आता भाची सुट्टी घेऊन आली होती. पावसानं फाटकाजवळची वाट खचली होती, खडीचा ट्रक येऊन ढीग ओतून गेला होता. "आई, मी पसरते," भाची म्हणाली. "चाळीस माणसं घेऊन बोळातून बस काढते मी. ठेंगूला काय घाबरायचं? आणि कमान उभी करून, पट्टा बांधून चालवीन."

मामा दुसऱ्या दिवशी पहाटे उठून टॉर्च घेऊन शेडमध्ये गेला. दोन पाइप काढायचे, उलटे लावायचे, संपलं. कुणाला कळायचंही नाही. पण दहा महिने दाब धरून बसलेली ती तोंडं मामाच्या बोटांना दाद देईनात. त्यानं ओढलं, पिळलं, अंगठा सोलून घेतला. उजाडलं. फाटकाशी स्कूटर वाजली आणि मेकॅनिक आला.

याला सगळे नट्या म्हणत, कारण त्याच्या खिशात कायम कुठल्या तरी गाडीचा एक नट उरलेला असे. नट्याला सांगितलं असतं, तर काम दोन मिनिटांचं होतं. पण त्यानं विचारलं असतं, "का?"

नट्यानं बॅटरी बदलली, तेल बदललं, सीट उचलली आणि खालून उंदराचं घरटं काढून दाखवलं. मग इंजिन सुरू करून लोडर वरखाली केला. "एक नंबर!" तो म्हणाला. "लिव्हर एकदम कंपनीसारखं चालतंय."

भाचीनं ते ऐकलं, पण तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. नट्यानं इंजिन बंद केलं. तिनं कमान उभी करून पिना घातल्या, सीटवर बसली, पट्टा बांधला. किल्लीला हात घातला आणि समोर बघते तो, मामा जमिनीवर टेकलेल्या बकेटमध्ये मांडी घालून बसलेला.

"मामा, ऊठ. ती खडी भरायला आहे."

"खडीपेक्षा मी हलका आहे."

"पण बडबड जास्त. ऊठ ना रे, ऊन चढतंय."

"गोष्ट सांगतो, मग उठतो."

"संध्याकाळी सांग."

"आत्ताच. यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही..."

"बसलाच तर घड्याळ विकणार," भाची आणि नट्या एका सुरात म्हणाले. नट्या स्टूल ओढून आरामात बसला. त्याला कुठे घाई होती?

घरातून ताई ट्रे घेऊन निघालेली दिसली. चहा झाला होता आणि तो सांगायला हाक नव्हती, म्हणून चहाच चालत येत होता.

मामानं घसा खाकरला. "तर या शेडमध्ये एक उंदीर राहायचा."

"तो आत्ताच बेघर झाला," नट्या म्हणाला.

"त्याचाच आजा. अतिशय टापटीप प्राणी. दाणे खायचा ते ओळीत लावून. शेपटीनं रोज बिळाचं दार झाडायचा. त्याला एकच दुःख होतं. दाजींचे पाइप. सीटखालून तो रोज बघायचा, लाल पिवळ्यात, पिवळा लालमध्ये. त्याला जेवण जाईना. बायकोला म्हणायचा, अगं, या घरात काही रीतभात आहे की नाही?"

"मग बायको काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही आधी पोरांकडे बघा. चारशे झालीत."

नट्या मांडीवर थाप मारून हसला. भाचीही हसली, पण किल्लीवरचा हात तिनं काढला नव्हता. ताई आली. तिनं ट्रे स्टूलाशेजारच्या पिंपावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"एके दिवशी," मामा म्हणाला, आणि त्याचा आवाज थोडा खाली आला, "गवत कापायला लोडर काढला..."

"कुणी?" नट्यानं विचारलं.

"उंदरानं."

"पिना कशानं काढल्या?"

"दातानं. तुझ्यासारखा हातोडा नाही घातला त्यानं. गवत कापून झालं. लोडर परत जोडायची वेळ आली. दोन पाइप समोर लोंबतायत. उंदरानं आधी रुमाल काढला..."

"रुमाल!" नट्याला ठसका लागला.

"टापटीप प्राणी म्हटलं ना. चारही तोंडं पुसली. आणि मग, लालला लाल. टक्. पिवळ्याला पिवळा. टक्."

नट्या हसतच होता. भाचीचं हसणं मात्र मध्येच थांबलं. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात केव्हाच किल्लीवरून लिव्हरवर आला होता आणि सवयीनं ते पुढे ढकलायच्या बेतात होता. बकेट उचलायला.

"मामा," ती म्हणाली, "मग आता ढकललं तर?"

"खाली. ओढलं तर वर. जगात असतं तसं. तेवढं ध्यानात ठेव." मामा बकेटमधून उठला. "बास. एवढंच सांगायचं होतं."

खरं म्हणजे इथे तो थांबला असता, तर सुटला असता. भाची वाचली होती, ताकाला जाऊन भांडं लपवलेलं लपलेलंच राहिलं होतं. पण अर्धी गोष्ट टाकणं त्याच्या रक्तात नव्हतं. आणि ताई पिंपाशी उभी होती. तिनं कपात चहा ओतायला घेतला होता आणि ओतायची थांबली होती.

"उंदराच्या मनात वाईट नव्हतं," मामा कुणाकडेही न बघता म्हणाला. "मालकाची कंबर दुखत होती. म्हणून त्यानं दगडही भरून ठेवले. बकेट उचलून ठेवली, मालकाला लिव्हरला हात लावावा लागू नये म्हणून. तो सांगणार होता. मालक आला तेव्हा त्याला दिसला होता. पण उंदीर फाटकाशी..."

तो अडकला. नट्याचं हसू विरलं. उंदीर फाटकाशी काय करत होता, हे सांगायला मामाला कोंबडी सुचेना, उंट सुचेना.

"फाटकाशी काय?" भाचीनं हळूच विचारलं.

"पोस्टमनला गोष्ट सांगत होता."

शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडत होतं. मग ताईनं विचारलं, अगदी साध्या स्वरात, बाजारात भाव विचारावा तसं:

"रुमाल कसला होता रे?"

घड्याळजीचं तपशिलाचं वेड. मामाच्या तोंडातून विचार न करता उत्तर गेलं. "निळ्या चौकडीचा."

ताईनं किटली ठेवली. "त्याचं तेल निघालं नाही. ते गेले त्या आठवड्यात मी तुझे कपडे धुतले. तीनदा धुतला तो रुमाल. मला वाटलं, साखळी ओढताना भरला असेल."

भाची पट्टा सोडून खाली उतरली आणि आईजवळ आली, पण ताईनं तिला हातानं मागे सारलं. ती मामाच्या समोर जाऊन उभी राहिली. आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा त्या बाईचा आवाज चढला, असा चढला की शेडमधून निघून फळझाडांवरून उतारावर गेला आणि गडग्याच्या भिंतीवर आपटून परत आला.

"उंदीर नव्हता तो! तू होतास! म्हणजे... म्हणजे माझी हाक नव्हती ती!"